जाळीतला बाळाराम

बाळाराम भोईर घरून निघतानाच तोंडाला जाळी लावून निघतो. जाळी म्हणजे सॉफ्टबॉलमधल्या कॅचरचा लोखंडी मुखवटा. तो मैदानात, खेळ सुरू झाल्यावर लावायचा असतो. बाळाराम तो बदलापूरच्या सोनिवलीतल्या आपल्या बिल्डिंगच्या जिन्यातच चढवतो आणि तसाच शेअर रिक्षात बसतो. शेजारची बाई अंग चोरते, तिचं पोर भोकाड पसरतं आणि रिक्षावाला आरशातून सारखा मागे बघतो. रिक्षावाला मागे बघतोय म्हटल्यावर बाळाराम आणखी घाबरतो.

"रिक्षावाल्यांचा काय भरवसा नाय, मास्तर," तो मला म्हणाला. "करकचून ब्रेक मारला का माणूस पहिला तोंडावरच जातो."

"अरे, पण लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. दात तर राहतील."

मास्तर म्हणजे मी. अंबरनाथच्या एका शाळेत मी जन्मभर भूमिती शिकवली, आणि पीटीचे सर रजेवर गेले की सॉफ्टबॉलही शिकवला. हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांना एवढंच सांगतो की चेंडू क्रिकेटपेक्षा मोठा असतो आणि सॉफ्ट नुसता नावाला. एकदा नडगीवर बसला की हे नाव ठेवणाऱ्याला भेटायची फार इच्छा होते. निवृत्त झाल्यावर मला स्वस्थ बसवेना, म्हणून मी आमच्याच वयाचे लोक गोळा करून एक टीम काढली. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर मिळून अशा साठी ओलांडलेल्यांच्या चार टीम आहेत. थंडी पडली की रविवारी सकाळी आम्ही आळीपाळीने एकमेकांशी खेळतो, एरवीच्या रविवारी आपापला सराव करतो. चौथा नंबर कोणाचा याबद्दल कधी वाद होत नाही.

बाळाराम पहिल्यांदा मैदानावर आला तेव्हा मी मनातून खूश झालो होतो. धिप्पाड अंग, झुपकेदार मिशा, कारखान्यात जड कामं करून दोरखंडासारखे झालेले हात. हा बॅट घेऊन उभा राहिला तर समोरची टीम पाणी मागेल, असं मला वाटलं. मी विचारलं, "कुठे खेळणार?"

तो म्हणाला, "सगळ्यात जास्त सामान ज्या जागेला मिळतं ती द्या."

सामान कॅचरला मिळतं. तोंडाला जाळी, छातीला गादी, पायांना पत्रे. हे सगळं बांधून तो बॅट्समनच्या मागे उकिडवा बसला आणि तिथून आजतागायत उठला नाही. तिथे बसायचं आणखी एक कारण त्याने मला पुढे कधीतरी सांगितलं. बाकीच्यांच्या पाठीमागे कोणी ना कोणी असतो, कॅचरला मात्र सगळी टीम डोळ्यांसमोर दिसते. कोण लंगडतोय, कोण छातीला हात लावतोय, कोण पाणी न पिता उन्हात उभा आहे, त्याला सगळं कळतं. मग तो खेळ थांबवतो आणि जाळीतून ओरडतो, "सुर्वे, खाली बसा. तुमचा रंग बरोबर नाय." सुर्व्यांचा रंग जन्मापासून तसाच आहे. पण तो ओरडला की सुर्वे निमूट बसतात आणि उरलेल्या खेळात त्यांना खरंच गरगरायला लागतं.

बाळारामला कशाची भीती वाटत नाही हे सांगणं सोपं आहे. त्याला सापाची भीती वाटत नाही. भातखाचरात वाढलेला माणूस, मैदानात निघालेली धामण त्याने शेपटीला धरून कुंपणापार नेऊन सोडली होती. बाकी सगळ्याची वाटते. सोनिवलीतलं घर आणि अवतीभोवतीची जमीन बिल्डरला दिल्यावर त्याला अकराव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. तेव्हापासून तो लिफ्टला घाबरतो. सगळं सामान अंगावर बांधून तो अकरा मजले चालत उतरतो आणि मैदानावर पोचेपर्यंत निम्मा संपलेला असतो. पावसाळ्यात बारवी धरणाचं पाणी सोडलं अशी नुसती बातमी आली तरी तो रात्रभर जागा. मी म्हटलं, "तू अकराव्या मजल्यावर. पाणी तिथवर आलं तर आम्ही कुठे असू?"

"मी नाय बुडणार, मास्तर," तो म्हणाला. "पण खालचं भिजून बिल्डिंग बसली तर?"

त्या पावसात मीही आमच्या बिल्डिंगचे खांब दोनदा खाली जाऊन बघून आलो. बाळारामच्या भीतीचं हेच वाईट आहे. आधी हसू येतं, आणि घरी गेल्यावर ती आपल्याला चिकटलेली असते.

दर रविवारी खेळ संपला की तो जाळी वर करतो, घाम पुसतो आणि म्हणतो, "बंद करा हे. या वयाला बरं नाय. एक दिवस कोणतरी जाईल." पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसलेला असतो.

त्याने टीमला दोन नियम घालून दिले. पहिला असा की कोणी आलं नाही तर खेळ सुरू करायचा नाही. फोन लावायचा, फोन उचलला नाही तर एकाने घरी जायचं. सुर्वे एकदा न सांगता भाच्याच्या लग्नाला पनवेलला गेले. आम्ही दोन्ही टीम मैदानात बसून राहिलो, आणि आमचा माणूस सुर्व्यांचं कुलूप बघून, शेजाऱ्यांना उठवून, लग्नघरचा फोन नंबर घेऊन परत आला. मांडवात सुर्व्यांना फोन जोडून दिला तेव्हा बाळाराम त्यांच्याशी फक्त एक वाक्य बोलला, "जेवलात का?" आणि त्याने खेळाला परवानगी दिली. मी संतापलो होतो. समोरच्या टीमचा कॅप्टन तर त्याला काय काय बोलला.

दुसरा नियम टकरीचा. उंच उडालेल्या चेंडूखाली दोघे धावले की टक्कर होते, म्हणून सॉफ्टबॉलमध्ये जो झेलणार त्याने "माझा" असं ओरडायचं असतं. बाळारामने प्रत्येकाला बाजूला घेऊन बजावलं, "माझा माझा करून धावू नका. हाडं जुळत नाय या वयात. दुसऱ्याला द्या." हंगामाच्या शेवटच्या मॅचला आम्ही पहिल्यांदाच जिंकायच्या बेतात होतो. एक चेंडू उंच गेला आणि मी, सुर्वे आणि किशनभाई तिघेही त्याच्या खाली पोचलो. मी म्हणालो, "तुमचा." सुर्वे म्हणाले, "छे छे, तुमचा." किशनभाई म्हणाले, "आप लो, मास्तर, आप लो." चेंडू आमच्या मधोमध पडला. आम्ही तिघे त्याच्याकडे बघत उभे, आणि त्यांच्या दोन गड्यांनी बेस फिरून आरामात धावा पूर्ण केल्या. पराभव झाला. बाळाराम मात्र जाळीमागून समाधानाने म्हणाला, "कोणाला लागलं तर नाय ना?"

हे हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच्या आधीच्याच मॅचला जे झालं होतं ते कोणाच्या मनातून जात नव्हतं.

आमचे किशनभाई सिंधी. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये त्यांचा जीन्स शिवायचा कारखाना आहे. आमच्यात तेच जरा पळणारे. त्या दिवशी दुसऱ्या बेसवर पोचताना त्यांनी तरण्या पोरासारखं अंग झोकून दिलं आणि पालथे पडले ते उठेनात. हलेनात. आम्ही जागच्या जागी थिजलो. माझे पाय उचलेनात, हे मी कबूल करतो. बाळाराम तेवढा धावला, ते सगळं सामान खडखडवत. त्याने जाळी काढून फेकली, किशनभाईंचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्यांच्या गालावर थापट्या मारत "किशनभाय, ओ किशनभाय" करत राहिला. त्याचा तो आवाज मला आजही नको वाटतो.

किशनभाईंनी एक डोळा उघडला. "अरे साईं, मारता कायको है? मेरा दात गिरा इधर. वही ढूंढ रहा हूँ."

कवळी मातीत पडली होती आणि चार लोकांत तोंड उघडायची लाज वाटून ते पालथे पडून अंगाखाली हळूच चाचपत होते. सगळे हसले, पोट धरून हसले. बाळाराम हसला नाही. त्याने जाळी पुन्हा तोंडावर चढवली आणि खेळ संपला तरी ती वर केली नाही.

म्हणून हंगाम संपल्यावर किशनभाईंच्या कारखान्यात, बंद शिलाई मशीनांच्या मध्ये बसून आम्ही चहा घेतला तेव्हा विषय निघाला. काय कमावलं या हंगामात? एक मनगट, दोन गुडघे, एक कवळी. सुर्वे म्हणाले, "बाळाराम म्हणतो ते खरं आहे. थांबूया." कोणी विरोध केला नाही. किशनभाई म्हणाले, "उस दिन उसका चेहरा देखा मैंने. बिचारा डरके मर जायेगा एक दिन. त्याच्यासाठी तरी बंद करा." नेमका त्या दिवशी बाळाराम आला नव्हता. त्याला पित्त झालं होतं. त्याची सुटका झाल्याची बातमी त्याला घरी जाऊन सांगायचं काम माझ्याकडे आलं. मलाही, खरं सांगतो, हायसं वाटलं होतं. आता कोणाच्या छातीकडे बघत बसायला नको.

दुपार टळताना मी सोनिवलीला पोचलो. लिफ्टने वर गेलो, बेल दाबली. बेल वाजेना. दारावर थाप मारली तर दार आपोआप आत गेलं.

"बाळाराम," मी हाक मारली. उत्तर नाही. आत टीव्ही चालू होता, आवाज बंद. पुन्हा हाक मारली. चपला दारातच होत्या. आतल्या खोलीत तो भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडला होता. मी नाव घेत जवळ गेलो तरी हालचाल नाही. दारापासून त्या खाटेपर्यंत जायला मला किती वेळ लागला ते मला ठाऊक नाही. खांद्यावर हात ठेवायचं धाडस होईना, कारण हात ठेवल्यावर जे कळणार होतं ते मला नको होतं. आम्ही मैदानात उभे असताना हा माणूस जाळीमागे दर रविवारी हेच भोगतो, हे मला तिथे उमगलं.

शेवटी हात ठेवला. तो दचकून उठला, मी त्याहून जोरात दचकलो. त्याने कानातून कापसाचे बोळे काढले. "झोपेत किडा जातो कानात," तो म्हणाला. "कधी आलात, मास्तर?"

मी त्याच्यावर ओरडलोच. "दार उघडं टाकून झोपतोस? जिन्यातल्या पालीला भिणारा माणूस तू. चोर शिरला म्हणजे?"

"कडी नाय घालत मी."

"दुपारी?"

"कधीच नाय. बायको गेल्यापासून." तो मिशीवरून हात फिरवत राहिला. "चोराचं भ्या वाटतं, नाय कसं. पण आत काय झालं आणि दार बंद असलं तर? तोडणार कोण? तोडायला आधी कळाया पायजे."

त्याचा मुलगा नाशिकला असतो. भाऊ याच बिल्डिंगमध्ये, पण दुसऱ्या विंगला, त्यांचं गेट वेगळं, लिफ्ट वेगळी. जुन्या घरी ओटीवर बसलं की येणारा जाणारा विचारायचा, काय बाळाराम, बरा का. इथे समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते त्याला ठाऊक नव्हतं. हे तो तक्रार म्हणून सांगत नव्हता. चहाचं आधण ठेवता ठेवता सांगत होता, आणि गॅस पेटवल्यावर नळी पुन्हा पुन्हा हुंगत होता.

मी विषयाला हात घातला. "आज सगळ्यांचं बोलणं झालं. तू म्हणतोस ते पटलं लोकांना. टीम बंद करायचं चाललंय."

तो पाठमोरा होता. त्याने दोन कप विसळून ठेवले. मग म्हणाला, "सगळे हो बोलले?"

"तुझ्यासाठीच. तुला त्रास होतो म्हणून."

"बरोबर हाय. या वयाला बरं नाय," तो म्हणाला. चहा उतू गेला तरी त्याने गॅस बंद केला नाही. मी उठून केला. तेव्हा त्याचा चेहरा दिसला. जाळी लावलेली नव्हती आणि तोंड लपवायला त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं.

"मास्तर, सोमवारी मला काय झालं तर कोणाला कळेल? मंगळवारी? पोराला वाटेल बाबा झोपला असंल. पण रविवारी मी नाय आलो तर तुमी खेळ चालू करणार नाय. फोन लावाल, कोणतरी घरी येल. म्हणून रविवार ते रविवार तेवढी भीती काढायची, एवढं जमतं मला." त्याने डोळे पुसले, अगदी उघडपणे. "टीम बंद केलीत तर केवढी काढू?"

चहा दोघांनी उभ्यानेच घेतला. निघताना मी म्हणालो, "पुढच्या रविवारी जरा लवकर ये. सराव आहे." त्याने मान हलवली आणि विचारलं, सराव कशाला, उगाच कोणाची शीर धरली म्हणजे?

बाहेर आल्यावर सवयीने दार ओढून घ्यायला हात गेला. तो मागे घेतला. दार लोटलं, तेही पुरतं नाही. मग जिन्यात उभं राहून किशनभाईंना फोन लावला आणि सांगितलं की टीम बंद होणार नाही.

"क्या बात करते हो, मास्तर? बाळाराम माना? सबसे ज्यादा तो उसीको डर लगता है."

मी त्यांना दाराचं सांगितलं. रविवारचं सांगितलं. किशनभाईंसारखा बोलका माणूस, पण पलीकडून काही येईना. फोन कट झाला की काय म्हणून मी हॅलो हॅलो केलं.

"सुन रहा हूँ," ते म्हणाले. "बच्चे लोग तो सब इंदौर गये ना, साईं. मैं भी कारखाने के ऊपर अकेलाच सोता हूँ." आणि मग, अगदी हळू, "कडी तो मैं भी नहीं लगाता."