परबचा संप

सकाळी बरोबर आठ वाजता तावडेकाका गॅलरीत उभे राहून शिट्टी वाजवतात. आमच्या बिल्डिंगमध्ये नवीन राहायला आलेल्यांना वाटतं, वॉचमन कुणाला तरी बोलावतोय. तसं काही नसतं. काकांच्या कासवाची पहिली पाळी सुरू झालेली असते.

काका इथेच मुलुंडच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. कोण किती वाजता आला, कोण किती मिनिटं उशिरा आला, एवढंच त्यांनी आयुष्यभर पाहिलं. रिटायर झाले आणि पाहायला कुणी उरलं नाही. काकी त्याच्या आदल्या वर्षी गेल्या होत्या. मूलबाळ नाही. मग एक दिवस मार्केटमधून प्लास्टिकच्या डब्यात बिस्किटाएवढं कासव घेऊन आले, डोळ्यांमागे लाल पट्टी असलेलं. आता ते ताटलीएवढं झालंय.

त्याचं नाव त्यांनी ठेवलं परब. "आमच्या स्टोअरला एक परब होता," काका सांगतात. "सकाळी बोल्ट मागितला तर जेवणाच्या सुट्टीनंतर आणून द्यायचा. चाल अगदी हीच."

अर्धी गॅलरी काकांनी फळी लावून परबसाठी अडवली आहे. एका बाजूला पाण्याचा निळा टब, चढायला विटांच्या पायऱ्या, वर ऊन खायला एक लादी. बाकी मोकळी फरशी. दुसऱ्या कुणी कासवाला खायला टाकलं असतं आणि आपलं काम बघितलं असतं. काकांचं म्हणणं, "रिकामं बसलं की सडतं. माणूस सडतो, मग हा तर कासव."

म्हणून परबला आयतं काही मिळत नाही. पालकाचं पान काका चिमट्याने दोरीला टांगतात. परबने मान ताणायची आणि ओढून खायचं. दुपारच्या पाळीला सुका जवळा विटांच्या फटीत लपवतात. तो त्याने शोधायचा. टबात पिंगपाँगचा एक बॉल आहे, नाकाने ढकलायला. शनिवारी हाफ डे असतो. रविवारी काका विटांची जागा बदलतात, कारण "सोमवारी कामावर आल्यावर त्याला कळलं पाहिजे, मॅनेजमेंट जागी आहे." एकदा आरसा ठेवून बघितला. परब दिवसभर आरशासमोरून हलला नाही. संध्याकाळी काकांनी आरसा उचलला. म्हणाले, "गप्पा मारत बसतो."

आमचे हे काकांना मुद्दाम छेडतात. "काका, बोनस तरी देता का त्याला?"

"दिवाळीला गांडूळ दिलं ना," काका म्हणतात. हसत नाहीत.

मी रोज संध्याकाळी काकांना दोन भाकऱ्या नेऊन देते. त्यांचं दार उघडंच असतं. ते परबच्या दिवसभराच्या कामाचं सांगतात, मी दारात उभी राहून ऐकते. मला फारसं बोलायला जमत नाही. चार माणसांत तर नाहीच. काकांना ते चालतं. "वहिनी, तुमचं एक बरं आहे, तुम्ही मध्ये बोलत नाही." मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला वहिनी आणि तुम्ही. झाडूवालीला बाई, बँकेतल्या पोरींना मॅडम. खालच्या मजल्यावरच्या शाळकरी मुलीलासुद्धा अहो-जाहो करतात, आणि बोलताना नजर जमिनीवर.

यंदा थंडी संपली आणि परबने खाणं सोडलं. पान टांगलेलं तसंच सुकायचं. जवळ्याचा वास मारायला लागला, पण तो फटीकडे बघेना. दिवसभर टबातून बाहेर येऊन फरशीवर फिरायचा, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. तिथे मागच्या पायांनी खरखर करायचा.

"संप," काका म्हणाले. "मागण्या काय, ते सांगत नाही. नुसता संप."

त्यांनी सगळं करून बघितलं. विटा रोज हलवल्या. रेडिओ लावून दिला. बॉल लाल रंगाचा आणला. आरसासुद्धा परत ठेवला. परबने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. खरखर चालूच. मागच्या पायांची नखं झिजली.

एका गुरुवारी मी भाकरी घेऊन गेले तर काका फळीजवळ स्टूल घेऊन बसले होते. "रविवारी प्राण्यांच्या संस्थेचा माणूस येणार आहे," म्हणाले. "त्यांच्याकडे तळं आहे म्हणे. देऊन टाकतो. पाणी तेच, विटा त्याच, रोज समोर तोंडही माझंच. कोण कंटाळणार नाही, वहिनी?"

 त्या दिवशी मी परबकडे नीट पाहिलं. तो कोपऱ्याकडे पाठ करून मागचे पाय आळीपाळीने चालवत होता. हे मी आधी कुठेतरी बघितलं होतं. जिन्यात आल्यावर आठवलं, कुठे ते.

शुक्रवार मी नुसता विचारात घालवला. बाप्या माणसाला असलं कसं सांगायचं. ह्यांना सांगितलं असतं तर त्यांनी बिल्डिंगभर केलं असतं. शनिवारी सकाळीच गेले. हातात काहीतरी असावं म्हणून भाकरी घेतली.

"काका."

ते दचकले. मी आपणहून हाक मारायची ही पहिलीच वेळ.

"परबला माती पाहिजे."

"खायला?"

"उकरायला."

"उकरून काय करणार?"

मी ताटलीकडे बघत म्हटलं, "काका, तो, तो नाहीये."

"तो नाहीये? मग कोण आहे?"

"ती आहे."

काका बघत राहिले. मग मीच भरभर बोलून टाकलं. "आमच्या गावी कोंबडी अंड्यावर आली की अशीच कोपरे उकरायची. खायची नाही."

"पण एकटंच आहे हे. अंडं कुठून येणार?"

"कोंबडी एकटी असली तरी घालते. आणि अडकलं तर वाचत नाही."

काका चप्पल न घालता खाली गेले. बिल्डिंगमागच्या नारळाखालची माती दोन बादल्या, कुणाच्या तरी लादीकामाची वाळू थोडी. तीन मजले चढून आले तेव्हा धाप लागली होती. कपडे भिजवायच्या जुन्या टबात माती भरली, मी पाणी शिंपडलं. मग काकांनी दोरीवर चादर टाकून आडोसा केला आणि चादरीकडे पाठ करून बसले. "मी कशाला बघू? तुम्ही बघा."

तिने दुपारभर खड्डा खणला. मी मधूनमधून चादरीआडून बघत होते. शेवटी अंडी दिसली. पांढरी, लांबट, अंगठ्याएवढी.

"पाच," मी सांगितलं.

"वेळ?"

"चार वाजून दहा."

काकांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलं. नंतर संस्थेच्या माणसाला फोन केला. "येऊ नका. संप मिटला. मागणी रास्त होती, मॅनेजमेंटला कळली नाही."

सोमवारी आठ वाजता शिट्टी वाजली नाही. ह्यांनी जिन्यात विचारलं तर काका म्हणाले, "बाळंतपणाची रजा. भरपगारी."

संध्याकाळी मी भाकरी घेऊन गेले. दार उघडं होतं. काका गॅलरीत जमिनीवर बसले होते, माझ्याकडे पाठ. तळहातावर जवळा होता, आणि तो हात त्यांनी निळ्या टबाच्या काठाशी तसाच धरला होता.

"अरे पर...," म्हणाले आणि थांबले. घसा खाकरला. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. त्यांना काय अडतंय ते मला कळेना. काकी गेल्यानंतर त्या घरात तो शब्द कुणी कुणाला म्हटला नव्हता, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

मग अगदी हळू म्हणाले, "अगं."

 परबने मान बाहेर काढली.

"अगं, जेवलीस का?"

मी ताटली दाराशी ठेवली आणि आवाज न करता घरी आले.