सुर्वे वाकतात

दार कितीही उंच असो, सुर्वे त्यातून वाकूनच जात. आमच्या सिल्वासाच्या सरकारी वसाहतीतली दारं सात फुटी आणि सुर्वे जेमतेम सव्वापाच. तरी मान खाली घातल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाहीत. बँकेत वाकत, न्हाव्याच्या दुकानात वाकत. एकदा तर एका कारखान्याच्या फाटकातून वाकून आत गेले. त्या फाटकातून भरलेले ट्रक सहज जात. तिथला खानदेशी वॉचमन काळजीने म्हणाला, "भाऊ, काही पडनं का तुमनं?"

"आधी घराला विचारावं, मास्तर, मग आत जावं," असं ते मला सांगत. मी शेजारचा शाळामास्तर, त्यामुळे ऐकून घेणं माझ्याकडेच आलं. माझी बायको म्हणे, "घराला विचारतात, पण मला चहाचं विचारू देत नाहीत. आल्या आल्या 'साखर कमी' म्हणून मोकळे!"

सुर्वे कचेरीत नकाशे काढत. आठवडाभर स्लॅबच्या इमारती काढायच्या आणि रविवारी सायकल हाणत राखोलीपलीकडच्या वारल्यांच्या पाड्यावर जायचं. तिथे कारवीच्या कुडाची, गवताने शाकारलेली मोजकीच जुनी घरं उरली होती. बाकीच्यांनी पत्रे घातले होते. सुर्वे त्या कुडांसमोर तासन् तास चित्रं काढत बसत. "स्लॅबखाली झोप लागते, पण स्वप्नं पडत नाहीत," असा त्यांचा सिद्धांत होता. "कुडाला फटी असतात ना, तिथून ती येतात."

"माझ्याकडे फटीतून डास येतात," मी म्हणालो.

"तेही येणारच," सुर्वे शांतपणे म्हणाले.

नव्वदच्या पुढे कधीतरी इशिदा नावाचे एक जपानी प्राध्यापक कचेरीत आले. जुनी खेडी जपण्याचं काम ते देशोदेशी करत. सुर्वे नेहमीसारखे दारात वाकले. इशिदांना वाटलं, हे आपलं स्वागत, तेही वाकले. मग सभ्यपणा म्हणून सुर्वे पुन्हा वाकले, तर इशिदा आणखी खाली. शिपाई चहाचा ट्रे घेऊन मागे ताटकळला होता. शेवटी त्यानेच "चहा थंड होतोय, साहेब" म्हणून दोघांना सरळ केलं.

इशिदांनी व्हिएतनाममधल्या एका खेड्याचे फोटो दाखवले. तिथल्या गावकऱ्यांबरोबर त्यांनी घरं सावरली होती. सुपारीच्या बागा, अंगणात वाळत घातलेलं भात, बुटकी दारं. सुर्व्यांनी ते फोटो मागून घेतले आणि संध्याकाळी आमच्या ओट्यावर मांडून बसले. उजेड गेला तरी बघत होते.

"मास्तर, हे आमचंच गाव आहे," ते म्हणाले. त्यांचं कोकणातलं गाव त्यांच्या लहानपणीच धरणाखाली गेलं होतं. "दार अस्संच बुटकं. बाबा वाकून जायचे, मी ताठ जायचो. म्हणायचे, ज्या दिवशी तुला चौकट लागेल ना, त्या दिवशी तू मोठा झालास. मी रोज दारात उभा राहून बघायचो. पण चौकट लागायच्या आधीच पाणी आलं."

मी आत चहा सांगितला.

त्या फोटोंनंतर सुर्व्यांना एकच ध्यास लागला, पाड्यावरची घरं वाचली पाहिजेत. इशिदांची मंडळी भिंती बघायला येणार आणि त्यांना त्या पटल्या तरच मदत मिळणार, असं ठरलं. सगळ्यांत जुनं घर सोनकी आजीचं. त्याच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचं जुनं लग्नचित्र होतं. सुर्वे पाहुण्यांना घेऊन पोचले, तर भिंत कोरी! आजीने आदल्याच दिवशी शेणमातीने घर लख्ख सारवून काढलं होतं.

"आजी, काय केलंत हे!"

"पाव्हनं येनार, न् भित काय मळकीच ठेवाची? लाज नाय वाटं?"

सुर्वे मटकन खाली बसले. दुभाष्याने हे सगळं सांगितल्यावर इशिदांनी ओल्या भिंतीला हात लावला. "भिंत सारवणारी माणसं अजून आहेत," ते म्हणाले. "मग काम होईल. आमच्याकडेही जुनं देऊळ पुन्हा पुन्हा नवं बांधूनच टिकतं."

काम झालं. रविवारी कारखान्याला सुट्टी असलेली पोरं म्हाताऱ्यांकडून कूड विणायला शिकली. इशिदांचे विद्यार्थी छपरावर चढून गवत शाकारू लागले. दोनदा घसरून खालीही आले. कोऱ्या भिंतीवर आजीने नवं लग्न काढलं.

घर पुरं झालं तेव्हा मीही पाड्यावर गेलो होतो. पहिलं कोणी आत जायचं यावर इशिदा आणि सुर्वे पुन्हा एकमेकांना वाकू लागले. आजी वैतागली. "जा रं तू!" म्हणत तिने सुर्व्यांना पुढे ढकललं.

सुर्वे छपराकडे बघत निघाले. जन्मभर नको तिथे वाकलेला हा माणूस नेमका या बुटक्या दारात वाकायचं विसरला. खाडकन आवाज आला. आम्ही धावलो. सुर्वे उंबऱ्यावर बसले होते. कपाळावर टेंगूळ, डोळ्यांतून धारा, आणि चेहरा मात्र हसरा.

"लागली, मास्तर," ते म्हणाले. "चौकट लागली!"

आजी त्यांचं कपाळ चोळत होती. त्यांनी तिचा हात बराच वेळ सोडला नाही.