काळी चारचा कूलर

देवरावांचे सारे आयुष्य पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये गेले होते. कोणतीही वस्तू आतून पाहिल्याशिवाय घ्यायची नाही, ही त्यांची शिस्त. नात खुशीसाठी कॉलेज निवडतानाही त्यांनी तीच लावली. खुशीला फिजिक्स हवे होते आणि गाणेही, आणि दोन्ही खरेखुरे.

नंदनवनच्या पहिल्या कॉलेजात फिजिक्स उत्तम होते. संगीत विभागात मात्र मांडवाचे पडदे रचलेले.

"तबला कुठी हाय?" देवरावांनी विचारले.

"गॅदरिंगले निघते न काका," शिपाई म्हणाला.

हुडकेश्वरकडच्या दुसऱ्या कॉलेजात फिजिक्स तर चांगले होतेच, शिवाय संगीताच्या प्रवेशासाठी चक्क गायनाची परीक्षा होती. देवरावांना ते फार आवडले. विभागप्रमुख इंदुताई आत परीक्षा घेत होत्या आणि खिडकीतला कूलर जूनच्या उन्हाशी घों घों करत झुंजत होता.

"आबाजी," बाहेर बसलेली खुशी कुजबुजली, "इथं सगळ्याच पोरी काळी चारच्या पट्टीत काहून गाऊन राहिल्या? माहा गळा तर काळी पाचचा हाय."

"ते सोड वं. तो कूलर ऐक. मोटरचा नट ढिला हाय. अशा घोंघाटात त्या बाईले गाणं काय ऐकू येईन?"

इंदुताई चहाला गेल्या. देवरावांच्या पिशवीत पाना आणि तेलाची कुपी कायमच असे. त्यांनी आधी बटण बंद केले, नट आवळला, शाफ्टला तेल दिले आणि बटण पुन्हा चालू केले. कूलर एखाद्या सुसंस्कृत माणसासारखा गप्प राहून वारा देऊ लागला. आता खुशीचा प्रत्येक सूर स्वच्छ ऐकू जाणार, या समाधानात देवराव जागेवर येऊन बसले.

चहानंतर सोनिका नावाची मुलगी गायला बसली. आलापाला सुरुवात केली, चाचपडली, थांबली.

"मॅडम, सा कुठी गेला?"

इंदुताई ताडकन उठल्या. "कूलर कोणी बंद केला?"

"बंद नाही केला, बाई. दुरुस्त केला," देवराव दारात येऊन अभिमानाने म्हणाले.

"अहो बाप्पा! तोच तर आमचा तानपुरा होता!"

मग सारा उलगडा झाला. खऱ्या तानपुऱ्याचा भोपळा फुटलेला, पेटीचा भाता उंदरांनी कुरतडलेला. एका उन्हाळ्यात इंदुताईंच्या लक्षात आले की कूलर बरोब्बर काळी चारमध्ये गुणगुणतो. तेव्हापासून विभाग त्याच सुरावर उभा होता आणि ज्या मुलीचा गळा त्यात बसत नसे, तिला दुसरा विषय सुचवला जाई.

"मोबाईलवर तानपुरा लावू का, मॅडम?" खुशीने विचारले.

"मोबाईलच्या सुरावर मी परीक्षा घेत नाही. विभागाची काही इज्जत हाय का नाही? आता तू योगा घे बेटा. तिथं जागा हाय."

प्रवेशाचा आज शेवटचा दिवस होता. खुशीचे डोळे भरून आले. "आबाजी, तुम्हाले हात लावाले कोणी सांगतलं होतं?"

देवराव पाना घेऊन उठले. स्वतःच्या हाताने आवळलेला नट मुद्दाम सैल करण्याचा प्रसंग त्यांच्यावर आजवर आला नव्हता. मन घट्ट करून त्यांनी तो सैल केला. कूलर नुसताच खडखडला. मग त्यांनी मोटर आणि पत्रा यांच्या फटीत स्टीलची फूटपट्टी खुपसली. ती झणझणू लागली.

"थोडं वर, आबाजी!"

त्यांनी फूटपट्टी आत सरकवली.

"अजून... अजून थोडं... बस! हीच काळी पाच!"

"हलू नका गा काका!" इंदुताई ओरडल्या.

खुशी गायली. भिजलेल्या वाळ्यातून देवरावांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर पाणी उडत राहिले, चष्मा धुरकटला, हाताला मुंग्या आल्या. पण सूर तसूभरही ढळला नाही. आलाप संपला तेव्हा इंदुताईंनी डोळे पुसले.

"असा भरदार सा या खोलीत कधी लागलाच नव्हता," त्या म्हणाल्या. "काका, घराणं कोणतं तुमचं?"

"मेकॅनिकल."

इंदुताईंनी आदराने मान डोलावली. मग बाहेर बसलेल्या, कूलरपायी आधी नाकारलेल्या मुलींना त्यांनी पुन्हा आत बोलावले. "या वं पोरींनो. आता जिले जो पाहिजे तो सूर भेटन. काका, पहिलीले पांढरी पाच द्या."

संध्याकाळी देवराव ओल्या सदऱ्यानेच प्रताप नगरात परतले. फाटकाशी शेजारचे रुपराव उभे होते.

"काय गा देवराव, भेटली का अ‍ॅडमिशन?"

"भेटली," देवराव मुंग्या आलेला हात झटकत म्हणाले. "दोघांलेही."