बर्फअप्पांची मधली सुट्टी

मुलांनो, आमच्या शेजारचे बर्फअप्पा मॅच बघताना खेळाडूंकडे बघत नाहीत. ते बर्फाकडे बघतात.

इकडे उमरग्यात कोंबडे आरवत असतात, तिकडे कॅनडात रात्रीचे दिवे झगमगत असतात, स्टेडियमभर माणसे बेंबीच्या देठापासून ओरडत असतात, आणि अप्पा खुर्चीतून पुढे वाकून म्हणतात, "बाई, आज उजवा कोपरा कच्चा हाय. घाई केलीय बघा. बर्फाला घाई चालत न्हाय." मग खेळाडू उजव्या कोपऱ्यात पडो, डाव्या कोपऱ्यात पडो की अगदी मधोमध पडो, अप्पांना कारण आधीच सापडलेले असते.

तुमच्या सिडनीत बर्फ पडत नाही, म्हणून सांगते. हा खेळ आइस हॉकी. पायांत पात्यांचे बूट, हातात काठ्या, चेंडूऐवजी रबराची काळी चकती. ती चकती मला अजून एकदाही दिसलेली नाही. गोल झाला की भोंगा वाजतो, त्यावरून कळते. तुमचे आजोबा याला 'घसरगुंडीवरची भाऊबंदकी' म्हणतात.

अप्पांचे खरे नाव गुरुलिंगअप्पा. हायवेवर त्यांचा बर्फाचा कारखाना होता. माकणीच्या धरणावरच्या मासळीला, उन्हाळ्यातल्या रसवंत्यांना, लग्नांच्या मठ्ठ्याला, सगळीकडे अप्पांच्याच लाद्या जात. मग घरोघरी फ्रीज आले आणि कारखाना बंद पडला. अप्पांनी कारखाना सोडला, पण बर्फ सोडला नाही. आमच्या फ्रीजमधला बर्फ ते आजही सरबतातून चमच्याने काढून, उजेडात धरून बघतात आणि "पांढरा पडलाय," असे म्हणून परत सोडतात. मी पस्तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले, पण इतक्या तुच्छतेने एकाही पोराचा निबंध खाली ठेवला नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी महादेवी, म्हणजे मादू, कॅनडात एका दवाखान्यात नर्स आहे. गिरिजाकाकू होत्या तोवर फोन त्यांच्याकडे असायचा. मायलेकी तासभर बोलायच्या आणि अप्पा मागून ओरडायचे, "स्वेटर घालती का विचार!" काकू गेल्या आणि फोन अप्पांच्या हातात आला. अप्पांचा फोन कायम स्पीकरवर, त्यामुळे त्यानंतरचे दर रविवारचे संभाषण भिंतीपलीकडून मला पाठ झाले होते.

"बरं हाय?"

"बरं आहे अप्पा."

"थंडी?"

"आहे."

"ठेवू?"

"ठेवा."

एका रविवारी मादूलाही काही सुचेना. तिने फोन आपल्या टीव्हीकडे फिरवला आणि म्हणाली, "अप्पा, हे बघा, बर्फ." अप्पा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "कुणाचा कारखाना?"

तिथून सुरुवात झाली. मादूने कसलेसे ॲप सांगितले, आजोबांनी ते अप्पांच्या टीव्हीवर बसवले आणि माझी नेमणूक दुभाषी म्हणून झाली. पहाटे मी उप्पिटाचा डबा घेऊन शेजारी जायची. इंग्रजीत कुणी काही बोलले, की अप्पा विचारायचे, "बाई, काय म्हणतोय त्यो?" मी सांगायची, "तो म्हणतोय, दबाव वाढला आहे." "मग त्यात काय सांगायचं? दिसतंय की."

या खेळात दोनदा मधली सुट्टी होते. त्या सुट्टीत एक मोठे यंत्र बर्फावर फिरते, ओरखडे घासते आणि मागे पाण्याचा पातळ थर सोडत जाते. सगळे लोक तेव्हा चहाला उठतात. अप्पा तेव्हा खुर्चीत ताठ बसायचे. "आलं बघा, आलं! बाई, बसा की! आत्ता तर खरी मजा हाय." एकदा टीव्हीवाल्यांनी यंत्र न दाखवता कोटातली चार माणसे गप्पा मारताना दाखवली, तर अप्पा दिवसभर घुश्शात होते.

आणि मधल्या सुट्टीतच मादूचा फोन यायचा.

तिच्या गावच्या संघाला कित्येक वर्षांत कप मिळालेला नव्हता. मादू त्या गावात गेली, त्याच्याही खूप आधीपासून. तिच्या वॉर्डात एक म्हातारा होता. तो डॉक्टरांना बजावायचा, कप बघितल्याशिवाय मला मरू देऊ नका. अप्पांना हा म्हातारा फार आवडला. "त्यो हाय ना गं अजून?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मग गोलकीपर, मग बर्फ, मग मादूच्या डब्यात काय आहे ते. ज्यांना वर्षभर 'थंडी?' या शब्दापुढे जाता आले नव्हते, ते बापलेक सुट्टी संपून चकती सुरू झाली तरी बोलत असायचे. एकदा यंत्र टीव्हीवर अगदी समोरून येत होते आणि अप्पा त्याच्याकडे पाठ करून, फोन कानाला लावून खिडकीशी उभे होते. मी हाक मारली, "अप्पा, यंत्र!" त्यांनी नुसता हात हलवला.

पुढे बाद फेऱ्या सुरू झाल्या. प्रत्येक फेरीत त्याच दोन संघांचे जास्तीत जास्त सात सामने. जो आधी चार जिंकेल तो पुढे जातो. तिकडे रिवाज असा, की संघ स्पर्धेत आहे तोवर दाढी करायची नाही. मादूने हे गमतीने सांगितले. अप्पांनी वस्तरा बंद केला.

तेव्हा गावात चर्चा. दत्तू न्हावी खास घरी आला. "अप्पा, तुळजापूरचा नवस हाय का?"

"न्हाय रे. कॅनडाचा."

"तिकडं कुठली देवी?"

"कप हाय. चांदीचा."

दत्तूने मान डोलावली आणि बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितले, की अप्पांनी कॅनडातल्या चांदीच्या देवीला नवस बोललाय. दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतली एक बाई नारळ घेऊन आली. तिच्या मुलाचा व्हिसा अडकला होता. अप्पांनी नारळ ठेवून घेतला. म्हणाले, "नको कसं म्हणू?"

दुसऱ्या फेरीत आपला संघ ओळीने तीन सामने जिंकला आणि चौथा हरला. आजोबा हळहळले. मादू फोनवर कुरकुरली. अप्पा मात्र मन लावून उप्पीट खात होते, आणि वर ताटली पुढे करून म्हणाले, "बाई, आणिक घाला."

"अहो अप्पा, हरलो आपण!" आजोबा म्हणाले.

"हरू द्या की. चार घासांत ताट उरकायचं असतंय व्हय?"

तिसऱ्या फेरीतही तसेच. जिंकले की अप्पा टाळ्या वाजवत, पण हात आखडून. हरले की बोलायला मोकळे. आजोबांना संशय आला, की अप्पा समोरच्या संघाला फितूर आहेत. त्यावरून दोघांचे दोन दिवस बोलणे बंद होते.

फायनलच्या आधी अप्पांनी मला सहज विचारल्यासारखे विचारले, "बाई, कप झाला की मग काय असतंय?"

"मग काही नाही. सुट्टी. पुढचा हंगाम ऑक्टोबरात."

"म्हंजी आख्खा पावसाळा."

"हो."

अप्पांनी दाढी खाजवली. "आणि रविवार हाईच," असे म्हणून ते टीव्ही पुसायला लागले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस कप मागतच नव्हता. तो सामने मागत होता. मी आजोबांना घरी जाऊन सांगितले. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि अप्पांकडे जाऊन म्हणाले, "चला, फायनलची पहिली मॅच हरू आपण." अबोला संपला.

फायनल सात सामन्यांपर्यंत गेली. अप्पांना आणखी काय हवे होते? पण सातव्या दिवशी पहाटे ते उप्पिटाला शिवले नाहीत. आज जिंकले तरी संपणार होते, हरले तरी संपणार होते. पहिल्या सुट्टीत फोन आला, दुसऱ्या सुट्टीत आला. मादू सारखी विचारत होती, जिंकू ना? अप्पा म्हणाले, "जिंकतोय आपण. बर्फ चांगला हाय आज." त्या दिवशी त्यांनी सगळे कोपरे पास केले.

आणि संघ जिंकला. दाढीवाल्या दांडगट माणसांनी हातमोजे हवेत उडवले आणि एकमेकांच्या गळ्यात पडून ती लहान पोरांसारखी रडायला लागली. लगेच फोन वाजला. मागे मोटारींचे हॉर्न, आरडाओरडा, आणि मादू हुंदके देत होती.

"रडू नको गं. मादू, रडू नको. त्यो म्हातारा?"

"पलंगावर उभा राहिला, अप्पा! आम्ही दोघी नर्सनी धरून खाली बसवला!"

अप्पा हसले. त्यांची दाढी भिजली होती. आजोबांनी पेढे वाटले, दत्तूने दुकानाबाहेर फटाके लावले. ज्या बाईचा नारळ होता, तिने व्हिसाबद्दल विचारून घेतले.

गर्दी पांगल्यावर अप्पांनी टीव्हीकडे बोट केले. "बाई, आता त्या बर्फाचं काय करत्यात?"

"वितळवतात. उन्हाळ्यात तिथे दुसरे कार्यक्रम असतात."

"एवढा जमलेला?" अप्पा म्हणाले. संध्याकाळी त्यांनी दत्तूकडून दाढी काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मॅच नव्हती. तरी सवयीने मी उप्पिटाचा डबा घेऊन गेले. टीव्ही बंद होता. अप्पा तुळतुळीत हनुवटी घेऊन त्याच खुर्चीत, त्याच्याच समोर बसले होते. नेहमीच्या मधल्या सुट्टीच्या सुमाराला फोन वाजला. अप्पा दचकले. "आज कशाला? काय झालं असंल?" त्यांचा हात पुढे जाईना. "अप्पा, आधी उचला तर," मी म्हणाले.

"मादू? काय गं? बरी हाईस ना?"

"बरी आहे. काही नाही अप्पा. असाच केला."

अप्पांनी फोनवर तळहात ठेवला आणि घाबऱ्या आवाजात मला म्हणाले, "असाच म्हणती. आता काय बोलू?" मी डबा उघडण्याच्या कामात गढून गेल्याचे दाखवले.

अप्पांनी तळहात काढला. आता ते 'ठेवू?' म्हणणार, असे मला वाटले. तेवढ्यात मादूच म्हणाली, "अप्पा, लहानपणी मी लाद्यांवरच्या गोणपाटावर बसायची ना? पण बर्फ करायचात कसा, ते मला कधीच कळलं नाही."

अप्पांनी घसा खाकरला. खुर्ची खिडकीकडे ओढली. "आदी पानी बघायचं. पानी गढूळ असलं, की लादी पांढरी पडती. मग पत्र्याचे डबे घ्यायचे. आपले डबे सोलापुरातनं आणले हुते, तुझ्या आईनं सोबत यायचा हट्ट धरला हुता..."

मी उप्पिटावर झाकण ठेवले आणि घरी आले. चहा झाला, आजोबांचा पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचून झाला, माझी भाजी निवडून झाली. भिंतीपलीकडे अप्पा अजून डब्यांत पाणीच भरत होते.