साळूला विचारून

तातोबा घोड्यावर बसायला शिकवायचे. पण नवा माणूस आला की आधी घोडीची परवानगी घ्यायचे. साळूच्या कानाशी तोंड नेऊन म्हणायचे, "साळू, ह्ये पावणं हापिसात बसून बसून जड झाल्यात. घेतीस का पाठीवर?" तिनं कान पुढं केले तर होकार. मागं पाडले तर, "आज जावा घरला. तिच्या मनात न्हाय."

दुसरी तऱ्हा पानाची. गुडघा खोगिराला चिकटून राहावा म्हणून ते मधे एक विड्याचं पान ठेवत. तीन फेऱ्यांनंतर पान जागेवर असलं तर त्यालाच चुना लावून तोंडात टाकत. पडलं, की त्या दिवशी पान नाही. एवढा शौकीन माणूस माझ्यापायी महिनाभर नुसती सुपारी चघळत होता. "पावणं, माज्या तोंडाकडं बगून तरी गुडघा आवळा की!"

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सव्वीस वर्षांचा, कोल्हापुरात कारकून. लग्न ठरलं होतं, आणि वरातीत घोडा मी स्वतः चालवणार अशी फुशारकी पेठ वडगावला सासुरवाडीत मारून बसलो होतो.

भीती वाटली की मी लगाम ओढायचो. तातोबा म्हणायचे, "भ्या कुनाला वाटत न्हाय? पर ते पोटात ठेवा, हातात उतरू देऊ नगा. लगाम जत्रंत लेकराचं बोट धरल्यागत धरायचा. सोडायचं न्हाय आन् पिरगाळायचंबी न्हाय." आणि रोज निघताना एकच वाक्य, "घोडं चुकत न्हाय. वरचं चुकतं."

लग्नाला आठ दिवस उरले असताना होणारे सासरे आणि मेहुणे मैदानावर आले. त्यांच्यासमोर मी साळूला पळवलं. ती पळू लागली तशी भीती हातात उतरली. मी लगाम खेचला आणि त्याच घाईत टाचही मारली. थांब म्हणायचं की पळ, तिला कळेना. ती गर्रकन वळली आणि मी मातीत.

"दाजी, घोडी फुडं गेली की!" मेहुणे खदखदून हसले.

"घोडीच वाईट आहे!" मी ओरडलो. "उगाच उसळली. उद्या कुणाचा तरी जीव घेईल."

तातोबा ज्यांच्याकडं नोकरीला होते, ते घोड्यांचे मालक तिथंच उभे होते. "व्हय तातोबा? उसळली ही?"

तातोबांनी माझ्याकडं पाहिलं, मग सासऱ्यांकडं. वाकून मातीतून पान उचललं.

"व्हय," ते म्हणाले. "उसळली."

महिन्याच्या आत साळू कबनूरच्या एका वरातवाल्याला विकली गेली. बँडच्या आवाजानं तिचं अंग थरथरायचं, हे मला माहीत होतं. माझ्या वरातीला जीप होती. खरं सांगायचं लग्नाच्या धांदलीत राहून गेलं, असं मी पुढं दहा-बारा वर्षं स्वतःला सांगत राहिलो.

अखेर एका दुपारी तातोबांच्या घरी गेलो. एकटेच होते. भिंतीला साळूचं खोगीर, तेल लावून चकचकीत ठेवलेलं. मी पानांची पुडी पुढं केली.

"पान सोडलं," म्हणाले.

"तातोबा, साळू उसळली नव्हती. मीच..."

"म्हाईत हाय की. आदी पान पडलं, मागनं तुमी." ते जरासे हसले. "सासरा म्होरं हुता. आठ दिसांवर लगीन. मानसाचं तोंड राखाय नगं? वाटलं, मालक चार दिस बांधून ठेवतील, मग इसरतील. इकतील असं न्हाय वाटलं." मग म्हणाले, "घरच्या बऱ्या हायत न्हवं?"

मी मान हलवली.

"कबनूरला गेलतो लई डाव. वरातीत लांबनंच बगायचो. कान सदा मागं." त्यांचा हात खोगिरावरून फिरत होता. "कोन बी पाठीवर बसाय आलं, तर आदी तिला इचारलं. तिच्या नावानं खोटं बोललो, तवा तेवढं इचारलं न्हाय."