घंटेची रजा

"आमच्या शाळेचा इतिहास एका टेबलावर मावायचा नाही, टीचर!" असं गौरवीने छातीठोकपणे सांगितलं होतं. प्रत्यक्षात तो प्रदर्शनाच्या अर्ध्याच टेबलावर मावला. एक काळवंडलेला कप, खो-खोच्या संघाचा फोटो, ज्यात सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि पहिल्या हेडमास्तरांची छत्री. बस्स. मुळगावजवळच्या त्या सरकारी हायस्कूलची साठ वर्षं टेबलाच्या एका कडेला दाटीवाटीने बसली होती आणि उरलेलं टेबल गौरवीकडे बघून हसत होतं.

गेल्या वर्षापर्यंत हजेरीला "प्रेझेंट" म्हणताना हिचा आवाज बाकाखाली जाऊन लपायचा. पण यंदा दहावीत ती विद्यार्थी मंडळाची सेक्रेटरी म्हणून निवडून आली आणि तो आवाज जो बाहेर पडला, तो परत आत जायला तयारच होईना. हीरक महोत्सवाच्या दिवशी पाहुण्यांसमोर शाळेच्या इतिहासावर भाषण करायचा मानही तिलाच मिळाला होता. फक्त हेडटीचर सत्यवतीबाईंनी एक पाचर मारून ठेवली होती.

"तयारी सगळी तुझी. कसलाय घोळ झालो, तर भाषण निखिल करतलो. समजलां?"

उपसेक्रेटरी निखिलने ते भाषण आधीच पाठ केलं होतं. गौरवी समोरून आली की तो मुद्दाम ओठ हलवायचा.

रिकाम्या टेबलाकडे बघत ती नखं खात होती, तेवढ्यात घंटा झाली. आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इतिहास तर व्हरांड्यात लटकतोय! खाणीवरच्या ट्रकच्या चाकातली ती जाडजूड लोखंडी चकती शाळा सुरू झाली त्या वर्षी खाणवाल्यांनी दिलेली होती. तिच्यावर सळी हाणली की खालच्या वाड्यावरच्या घरांपर्यंत आवाज जायचा. शिपाई दत्ताराम ओरडत असतानाच गौरवीने ती दोरीसकट उतरवली, चिंच लावून घासली, झेंडूचे हार घातले, वर लाल कापड टाकलं आणि पुढे पाटी लावली : 'हात लावू नये.'

"अगो चेडवा, आणि मी वाजवू काय? माझी तकली?" दत्तारामने स्वतःच्या डोक्यावर थापट मारली.

त्याचीही सोय गौरवीकडे होती. पाहुण्यांच्या भाजीपावासाठी पाव सांगायला ती केरबाच्या भट्टीवर गेली होती. केरबा मूळचा बेळगावकडचा, पण आता गावाचा पोदेर. सायकलला करंडी बांधून रबरी भोंपू वाजवत दारोदार पाव विकायचा. भट्टीच्या भिंतीवर एक जुना भोंपू टांगलेला तिला दिसला.

"काका, हा एक दिवस द्याल?"

"न्ये की पोरी. सायकलीवरच्या भोंपूचा जुळा भाऊच हाय त्यो. आवाजात केसाचा फरक न्हाई बघ."

"आणि उद्या पाव घेऊन आलात की फाटकावर जोरात वाजवा हां. मी धावत येते."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी गौरवीने नवा कायदा जाहीर केला. एकदा भोंपू म्हणजे तास संपला, दोनदा म्हणजे मधली सुट्टी, तीनदा म्हणजे शाळा सुटली. पाहुणे येईपर्यंत तास चालू राहायचे होते. पहिले दोन तास मस्त गेले. दत्ताराम तर कदंबा बसचा ड्रायव्हर असल्यासारखा तोऱ्यात भोंपू दाबत होता.

तिसऱ्या तासाला आवाज आला : पोंय, पोंय, पोंय!

शाळा सुटताना कारण विचारत बसणारं मूल अजून जन्माला यायचंय. तरी आठवीतल्या कुणीतरी कारण पुरवलंच, "पाहुण्यांची गाडी बंद पडली!" आणि दप्तरं, चपला, डबे यांचा लोंढा फाटकातून उताराला लागला. गौरवी धावत बाहेर आली तेव्हा मैदानात एकटा केरबा उभा होता, सायकल धरून.

"ताई, पोरं पळाली का गं? पाव ताजं हायती की!"

गौरवीने सायकलवरच्या भोंपूकडे पाहिलं. मागून मुलांना शोधत आलेल्या सत्यवतीबाईंचा आवाज आला, "गौरवी! भुरगीं खंय?"

निखिलने केसांवरून हात फिरवला आणि घसा साफ केला.

आणि तेवढ्यात वळणावर पाहुण्यांची पांढरी गाडी दिसली! आता भोंपू कितीही बडवला तरी उपयोग नव्हता, कारण परत बोलावण्याची खूण कायद्यात ठेवायलाच ती विसरली होती. गौरवी प्रदर्शनात घुसली. स्वतःच लावलेली पाटी तिने स्वतःच उलटी केली.

"दत्तारामकाका, निखिल, दोरी धरून घंटा वर उचला!"

"मी?" निखिल म्हणाला.

"नाही, तुझं भाषण! उचल रे!"

तिने सळी उचलली आणि हाणली. ठण्ण! झेंडू उडाले, लाल कापड निखिलच्या तोंडावर पडलं. ठण्ण! ठण्ण!

उतारावरची मुलं थबकली आणि उलटी फिरली. पण एकटी मुलंच नाहीत. खालच्या वाड्यात निम्मा गाव याच शाळेत शिकलेला. घंटेचा आवाज कानात शिरला आणि पाय आपोआप चालू लागले. हाताला पीठ लागलेली कमलआजी आली, लुंगीवरचे दोन काका आले आणि चक्क रांगेत उभे राहिले.

गाडी फाटकात थांबली. मुरगाव बंदरातून मोठे साहेब म्हणून निवृत्त झालेले गोकुळदासबाब सुटाबुटात आत बसले होते. घंटा ऐकून त्यांचा चेहरा पडला. ड्रायव्हरने दार उघडायच्या आत ते उतरले, धावत सुटले आणि झेंड्याच्या खांबाजवळ, उशिरा येणाऱ्यांच्या जागी जाऊन कान धरून उभे राहिले.

"गोकुळदास," त्यांच्या वर्गातली कमलआजी ओरडली, "आज पण उशीर?"

सगळं मैदान हसलं. सत्यवतीबाईंनी रागवायला तोंड उघडलं आणि हसूच बाहेर आलं. पाहुणे कान सोडून म्हणाले, "घंटा मारली ती पोर कोण? बोलू दे तिला!" निखिलने खिशातलं भाषण आणखी खोल कोंबलं.

गाव जमल्यामुळे पाव कमी पडणार होते. केरबा आणखी आणायला भट्टीकडे पिटाळला गेला आणि गौरवी माइकपुढे उभी राहिली. काय बोलली म्हणून सांगू! आवाज खालच्या वाड्यापर्यंत. शेवटी तर ती अशी रंगली की हात उंचावून म्हणाली, "या घंटेने आम्हाला शिस्त शिकवली. आमच्या शाळेत घंटेशिवाय कोणी जागचं हलत नाही!"

टाळ्या कडाडल्या. आणि टाळ्या थांबता थांबता फाटकावर आवाज आला : पोंय, पोंय, पोंय!

गौरवीने डोळे वटारून मुलांकडे पाहिलं. एक मूल हललं नाही. तिने सुटकेचा निःश्वास टाकला, तोच मागे स्टेजवर खुर्ची करकरली.

सत्यवतीबाई उठून उभ्या होत्या. खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी, आणि एक पाय पायरीवर.

गोकुळदासबाबांनी हळूच त्यांच्या पिशवीचा बंद ओढला.

"बसा टीचर," ते म्हणाले, "पाव आले."