बोरीच्या गाठी आणि कुंभोजकर

कुंभोजकरांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी भिंग असायचं. सौदीत, अल-खोबरच्या आमच्या इमारतीत कुणी नवीन राहायला आलं, की नाव विचारायच्या आधी ते त्याच्या तुळशीचं पान उलटून बघत. "पाणी जास्त होतंय हिला. हा अन्याय आहे!"

अन्याय हा त्यांचा लाडका शब्द. अबकैकच्या तेलाच्या प्लांटला जाणारी बस उशिरा आली, अन्याय. कँटीनच्या आमटीत साखर नाही, अन्याय.

पण खरा भडका उडाला तो अंगणातल्या बोरीवरून. त्या वर्षी तिच्या पानांच्या बगलेत खरखरीत, फुगीर गाठी आल्या. मुदीरने, म्हणजे इमारतीच्या मॅनेजरने, राखणदार सलीमच्या हातात करवत दिली.

"साब, पेड़ बीमार. मुदीर बोला, खलास."

"खलास? तुझा मुदीर झाडांचा डॉक्टर लागून गेला काय?" कुंभोजकर लुंगीवरच खाली धावले. रागात त्यांना हिंदी सुचत नसे. त्यांनी एक गाठ ब्लेडने चिरली आणि भिंग सलीमच्या डोळ्याला लावलं. "बघ! कोळीकीड. आत घर करते, म्हणून झाडाला गाठ येते. त्याने झाड मरत नाही! बोरं खायला सगळे पुढे, आणि गाठ दिसली की करवत?"

सलीमला काहीच दिसलं नसावं. तरी त्याने भीतीने मान डोलावली.

मग मुदीर स्वतः आला. "शकल खराब," तो म्हणाला. "फ्लैट लेनेवाला लोग देखता है, वापस जाता है."

"शकल?" कुंभोजकरांचा आवाज चौथ्या मजल्यावर आम्हाला ऐकू आला. "शकल बघून तोडणार तुम्ही?" ते बुंध्याला पाठ लावून बसले, ते भर उन्हात दोन तास हलले नाहीत. शेवटी, गाठी आलेल्या फांद्या तेवढ्या कुंभोजकरांनीच छाटाव्यात, असं ठरलं.

संध्याकाळी माझ्या बायकोने त्यांना चहाला बोलावलं. "एका झाडासाठी एवढा संताप, भाऊजी?" तिने हसत विचारलं.

ते हसले नाहीत. "आमच्या मंजिरीच्या गालावर गाठ आहे, वहिनी. लहानपणापासून. डॉक्टरांनी लिहून दिलंय, काही धोका नाही. मुलाकडचे येतात, बघतात..."

त्यांनी कप खाली ठेवला.

"तिचा व्हिजिट व्हिसा काढतोय. सांगलीत पोरगी स्कार्फ गुंडाळल्याशिवाय दाराबाहेर पडत नाही. इथे तिला कोण ओळखतंय? समुद्राकाठी कॉर्निशवर तोंड उघडं ठेवून फिरेल तरी."